सिस्टर, एक विचारू का? : ‘अतिसमाधानी’ स्टाफ राजीनामे का देतो?

गेल्या अंकात रात्रपाळी आणि झोप यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांत झोपेबद्दल कमी आणि एचआरबद्दलच जास्त मजकूर होता. म्हणून या वेळचं सदर रुग्णालयांत नोकरी करणाऱ्यांसाठी. पत्रं लांबलचक होती, मी ती छाटली आहेत. नावं, गावं, हॉस्पिटलं काढून टाकली आहेत. ‘हे आमच्याकडचंच ना?’ असं विचारायला कृपया फोन करू नये.

प्रश्न : मी दीडशे खाटांच्या खासगी रुग्णालयात एचआर अधिकारी आहे. एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीच्या तयारीत आम्ही कर्मचाऱ्यांचं समाधान सर्वेक्षण घेतलं. बहुतेकांनी ‘समाधानी’ किंवा ‘अतिसमाधानी’ यावरच खूण केली. संचालक खूश झाले. पुढच्या तीन-चार महिन्यांत आयसीयूमधल्या निम्म्या सिस्टर्स सोडून गेल्या. एक्झिट इंटरव्ह्यूच्या कागदावर सगळ्यांचं एकच उत्तर : घरगुती कारण. लोकांना आमच्याबद्दल खरं काय वाटतं, हे कळायचं तरी कसं?
– एक एचआर अधिकारी, उत्तर महाराष्ट्र

उत्तर : तुम्ही फॉर्मची कोरी प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. ती समोर ठेवूनच लिहिते आहे.

पहिली ओळ एम्प्लॉयी कोडची. दुसरी विभागाची. तिसरी नोकरीला किती वर्षं झाली याची. आणि या तिन्हींच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘आपली माहिती गोपनीय राहील’! अहो, डायलिसिसला तुमच्याकडे असून असून चार टेक्निशियन असतील. विभाग आणि वर्षं लिहिल्यावर नाव लिहायचं बाकी राहिलं काय? त्यात फॉर्म इंग्रजीत. आयसीयूतल्या सिस्टरचं निभेल, पण लाँड्रीतल्या मामांना तो कुणी वाचून दाखवला? शेजारच्यानं जिथं खूण केली तिथंच त्यांनीही केली असणार.

फॉर्म इन्चार्जनी पाळी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी वाटले आणि तिथंच भरून घेतले, असं तुम्हीच लिहिता. चित्र डोळ्यांसमोर आणा. नाइट करून डोळे तारवटलेली मुलगी, खाली सुटायच्या बेतात असलेली बस आणि समोर हात पुढे करून उभी असलेली, पुढच्या महिन्याचं रोस्टर लावणारी बाई. ती मुलगी ‘अतिसमाधानी’वर खूण करणार नाही तर कशावर करणार?

आता चौदावा प्रश्न बघा : ‘संस्थेचं ध्येय मला प्रेरणा देतं.’ ध्येय पटलं नाही म्हणून नोकरी सोडलेली एकही सिस्टर मला उभ्या आयुष्यात भेटलेली नाही. ऑफच्या दिवशी सकाळी सातला ‘स्टाफ कमी आहे, ये’ म्हणून फोन येतो, चुलतबहिणीच्या लग्नाची रजा दोन महिने आधी मागून आदल्या दिवशी नामंजूर होते, राउंडवर डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांसमोर फाइल फेकतात आणि नंतर कुणी काही बोलत नाही, म्हणून सोडलेल्या पुष्कळ भेटल्या. यातलं एकही तुमच्या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

तुमच्या क्षेत्रातले लोक एक गोष्ट सहसा लक्षात घेत नाहीत. तुम्ही काय करता यापेक्षा ते कशासाठी करता, याचा हिशोब स्टाफ जास्त बारकाईनं मांडतो. साधं प्रशिक्षण घ्या. सीपीआरचा तोच तास, शिकवणारा तोच माणूस. मॉर्निंग ड्यूटी संपल्यावर दोन वाजता उपाशीपोटी हॉलमध्ये बसवलं, सह्या घेतल्या, बॅनरसमोर फोटो काढला, की मुली म्हणणार, ‘एनएबीएचला दाखवायला केलं.’ तोच तास ड्यूटीच्या वेळात, बदली माणूस देऊन घेतला, की म्हणणार, ‘आम्हाला शिकवलं.’ खर्चात म्हणाल तर दोन-तीन बदली माणसांच्या पगाराएवढा फरक.

संचालकांना कागद लागतो, म्हणून एक अभ्यास सांगते. इंग्लंडमध्ये मायकेल वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ६१ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. कर्मचाऱ्यांचं मूल्यमापन नीट होतं, प्रशिक्षण मिळतं, लोक टीम म्हणून काम करतात, अशा रुग्णालयांत रुग्णांच्या मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि सगळ्यांत ठळक संबंध निघाला तो मूल्यमापनाशी. अमुक केलं म्हणूनच तमुक घडलं असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे खरं. पण एचआर म्हणजे पगारपत्रकं आणि वाढदिवसाचे केक, असं समजणाऱ्या संचालकांच्या टेबलावर ठेवायला तो पुरेसा आहे.

मग करायचं काय? फॉर्म मराठीत करा, एका पानाचा. कोड नको, विभाग नको. मागच्या महिन्यात किती ऑफ रद्द झाले? ड्यूटीत बसून जेवायला मिळालं का? मागितलेली रजा मिळाली का, आणि नाही मिळाली तर कारण कुणी सांगितलं? कुणी अपमान केला का, आणि पुढे काय झालं? एवढं विचारा. पेटी कॅमेऱ्याखाली ठेवू नका (हसू नका, ठेवलेली पाहिली आहे). आणि पंधरा दिवसांत नोटीस बोर्डावर लावा : एवढ्या जणांनी हे सांगितलं, यातलं हे आम्ही करतोय, हे जमणार नाही आणि का जमणार नाही. ‘जमणार नाही’ वाचून लोक चिडत नाहीत. विचारून गप्प बसलं की चिडतात.

एक्झिट इंटरव्ह्यूचं म्हणाल तर तो तुम्ही घेता कधी? रिलीव्हिंग लेटरवर सही व्हायच्या आधी. लेटर तुमच्या ड्रॉवरमध्ये असताना कोण खरं बोलेल? आधी लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात द्या, हिशोब चुकता करा आणि मग महिन्याभरानं फोन करून विचारा. ऐकवेल असं सगळंच नसेल, तयारी ठेवा.

आणि हो, ‘घरगुती कारण’ नेहमीच खोटं नसतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ पासून कायदा म्हणतो. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजाही त्याच दुरुस्तीतली, पहिल्या दोन मुलांसाठी. बाळंतपणाची रजा संपवून आलेली तुमची सिस्टर दोन महिन्यांत सोडून जाते, तेव्हा तिचं सात-आठ महिन्यांचं मूल कुठं असतं, हे एकदा विचारून बघा. कारण घरगुतीच निघेल, पण उपाय तुमच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत असेल.

प्रश्न : माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आहे. ऐंशी खाटांच्या हॉस्पिटलमध्ये दीड वर्ष काम करते, हातात चौदा हजार येतात. रुजू होताना दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला आणि मूळ सर्टिफिकेटं एचआरनं ठेवून घेतली. आता सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीला बोलावणं आलंय. एचआर म्हणतं, पन्नास हजार भर आणि कागद घेऊन जा. सगळ्याच हॉस्पिटलात असं असतं का?
– एक स्टाफ नर्स, मराठवाड्याची, सध्या पुण्यात

उत्तर : सगळीकडे नसतं, पण पुष्कळ ठिकाणी असतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. मूळ कागद पाहायचे, झेरॉक्सशी ताडायचे आणि त्याच दिवशी परत द्यायचे, अशी रीत आहे. तुझं सर्टिफिकेट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ही तुझी कमाई आहे, हॉस्पिटलकडे गहाण टाकायची वस्तू नाही.

बॉण्डचं वेगळं. तू सही केली आहेस, त्यामुळे ‘बॉण्ड म्हणजे नुसता कागद’ असं मैत्रिणी सांगतील त्यावर जाऊ नकोस. पण स्टॅम्प पेपरवर पन्नास हजार लिहिले म्हणून ते आपोआप वसूलही होत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की भरपाई वाजवी असावी आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. तुझ्यावर त्यांनी खर्च काय केला? बाहेर पाठवून आयसीयूचा कोर्स करून दिला असेल तर गोष्ट निराळी. पहिल्याच दिवशी वॉर्डात उभी केली असेल, तर पन्नास हजारांचं प्रशिक्षण कुठलं, ते त्यांनी दाखवावं.

आता क्रम सांगते, गडबड करू नकोस. आज अर्ज लिही : ‘कागदपत्र पडताळणीसाठी माझी पुढील मूळ प्रमाणपत्रं परत मिळावीत’, खाली यादी, पडताळणीची तारीख, आणि बोलावण्याची प्रत जोड. आवक शिक्का मारून पोच घे. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर ईमेलनं पाठव. त्यात भांडण नको, बॉण्डचा उल्लेखही नको. नोटीस पिरियड नेमणूकपत्रात किती लिहिलाय ते बघून राजीनामा वेगळा दे. आठवड्यात कागद आले नाहीत तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं आणि बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वकिलाच्या पत्रावर हॉस्पिटलचा लेटरहेडवाला आवाज बराच खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

पगाराबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. तिची शिफारस अशी : दोनशेहून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सएवढा पगार, शंभरच्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आतलं हॉस्पिटल असलं तरी वीस हजारांच्या खाली नको. ही शिफारस आहे, ती दाखवून उद्या पगार वाढवून मिळत नाही. पण तुझ्या एचआरचे ‘आमच्या साइजला हाच रेट आहे’ हे शब्द पुन्हा कानावर पडले, तर त्या साइजला काय सांगितलंय ते तुला माहीत असू दे.

प्रश्न : आमच्याकडे दर वर्षी १२ मे, परिचारिका दिन, दणक्यात साजरा होतो. केक, मेणबत्त्या, शपथ, ‘बेस्ट नर्स’ची ट्रॉफी. या वर्षी मॅनेजमेंटनं सगळ्यांना चहाचे मग दिले. पण कपडे बदलायला खोली नाही. आम्ही एक्स-रेच्या मागच्या पॅसेजमध्ये पडदा लावून बदलतो. बोललं की ‘तुम्हाला किती केलं तरी कमीच’ असं ऐकावं लागतं. आम्ही खरंच कृतघ्न आहोत का?
– चार जणींच्या सह्या, कोकण

उत्तर : ते मग वापरा, चहा चांगला लागतो. आणि खोली मागा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

कपडे बदलायची जागा ही बारीकसारीक तक्रार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण करून द्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथली परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली होती. हल्ला तिथं झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षांच्या आसपास, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला अंथरुणावर सांभाळलं. ती गोष्ट सांगताना लोक त्यांच्या सेवेबद्दल भरभरून बोलतात, बोलावंच. पण शिकाऊ मुलींना ती सांगताना मी आधी तळघराचं सांगायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर सलग लांब ड्यूटी करून सेमिनार हॉलमध्ये आडवी झाली होती, तिचं काय झालं ते देशानं पाहिलं. मधे पन्नास वर्षं गेली आणि बाईनं पाठ टेकायची, कपडे बदलायची जागा कुठं, हा प्रश्न होता तिथंच होता.

तेव्हा तोंडी कुरकुर पुरे. लेखी द्या, चौघींनी नाही, सगळ्यांनी, एक्स-रेच्या ब्रदरसह. आतून कडी लागणारं दार, दिवा, कुलपाचे कप्पे आणि रात्री तिथपर्यंतच्या वाटेवर उजेड, एवढंच मागा. अर्ज नर्सिंग ऑफिसला द्या आणि प्रत अंतर्गत समितीला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती हवी, असं २०१३ चा कायदा सांगतो. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तुमच्या समितीची नावं कुठल्या भिंतीवर लावली आहेत ते आधी बघून ठेवा. पॅथॉलॉजीच्या फ्रीजमागे चिकटवलेली असतील तर तेही अर्जात लिहा.

‘किती केलं तरी कमीच’ याचं उत्तर देत बसू नका. तुम्हाला काय हवं होतं हे कुणी विचारलंच नाही, मग कमी-जास्त ठरवणार कुठून? ट्रॉफी देणाऱ्याला वाटतं, मी कौतुक केलं. ती घेऊन पडद्याआड कपडे बदलायला जाणारीला काय वाटतं, ते त्यानं ट्रॉफीच्या पैशांत एक दार बसवून बघावं.

प्रश्न : मी अठ्ठावीस खाटांच्या जनरल वॉर्डची इन्चार्ज आहे. रजा एचआर नाकारतं, स्टाफ एचआर देत नाही, पण शिव्या मला बसतात. मुली म्हणतात, मी मॅनेजमेंटची माणूस. मॅनेजमेंट म्हणतं, मी मुलींना डोक्यावर बसवते. मी कुणाची?
– एक इन्चार्ज सिस्टर, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : मुलींसाठी तूच एचआर आहेस गं. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये कोण बसतं ते त्यांना नेमणुकीच्या आणि राजीनाम्याच्या दिवशी दिसतं. मधल्या दिवसांत हॉस्पिटल त्यांच्याशी कसं वागतं, ते तुझ्या रोस्टरवरूनच ठरतं. हे अन्यायाचं आहे, मान्य. पण त्यातच तुझ्या हातात काहीतरी आहे.

रोस्टर महिना सुरू व्हायच्या निदान आठवडाभर आधी लाव. त्याच्याशेजारी एक वही टांग, ऑफची मागणी ज्यानं त्यानं आपल्या हातानं, तारखेसकट लिहायची. तुझ्या कानात सांगितलेली मागणी धरायची नाही, अगदी तुझ्या लाडकीचीही. इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग शक्यतो नको. रात्री नऊला सुटलेली मुलगी एसटीनं घरी पोचते कधी, झोपते कधी आणि साडेसातला परत येते कधी? आणि सणांचा हिशोब वहीच्या शेवटच्या पानावर ठेव : गौरीजेवणाला, लक्ष्मीपूजनाला, ईदला, नाताळला मागच्या वर्षी कुणाला ऑफ होता. यंदा दुसऱ्यांचा नंबर. भांडणं थांबणार नाहीत, पण ‘तिला नेहमीच मिळतो’ हे वाक्य बंद होईल, कारण पान उघडून दाखवता येतं. माणसं कमी मिळालेलं सहन करतात. का कमी मिळालं हे लपवलेलं सहन करत नाहीत.

आता वरच्यांचं. ‘स्टाफ द्या’ असं फोनवर सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हँडओव्हर बुकात रोज एक ओळ लिही : पेशंट अठ्ठावीस, स्टाफ दोन, मावशी एक. डबल ड्यूटी कुणी केली, तिची सही. महिनाअखेरीस त्या ओळींची एक यादी नर्सिंग ऑफिसला पाठव, वर विशेषणं न लावता. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स धरली आहे. तुझ्याकडे चौदामागे एक. बेरीज-वजाबाकी त्यांची त्यांना करू दे.

वर कुणी ‘चालवून घ्या’ म्हणालंच, तर लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास सांग. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रियेचे पेशंट. एका नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स थकून जाण्याची तर त्याहून बरीच जास्त. अमेरिकेतलं इथं जसंच्या तसं लागू होत नाही असं म्हणतील. नर्सला मात्र दोन्हीकडे दोनच हात असतात.

आणि मेमोबद्दल, कारण तुझ्या पत्रात तो ओझरता आलाय. त्या मुलीनं दोन ‘पाटील’मध्ये गल्लत केली, इंजेक्शन भरलं, टोचायच्या आधी पेशंटच्या हातावरचा नावाचा बँड बघितला, थांबली, आणि आपणहून येऊन तुला सांगितलं. तू ते कळवलंस आणि एचआरनं तिला मेमो दिला. त्या दिवशी तुझ्या वॉर्डातल्या बाकीच्या पोरी काय शिकल्या? यापुढे असं काही सांगायचं नाही. पुढची गल्लत तुला कळेल ती पेशंटला टोचल्यानंतर, कदाचित तेव्हाही नाही. तो मेमो मागे घेण्यासाठी भांड. एका वॉर्डात एका आडनावाचे दोन पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर कुणी ठेवले, हे आधी विचार. या एका बाबतीत मुलींना डोक्यावर बसवलंस तरी चालेल.

प्रश्न : मी मेल नर्स. आमच्याकडे ब्रदर म्हटलं की कॅज्युअल्टी आणि नाइट. दारुड्या पेशंटला धरायला, नातेवाइकांना आवरायला मीच. सिस्टर्सना सुरक्षित वाटावं म्हणून, असं कारण देतात. मला काही वाटत नाही का?
– एक ब्रदर, विदर्भ

उत्तर : वाटतं, आणि वाटलंच पाहिजे. तुमची नेमणूक नर्स म्हणून आहे, बाउन्सर म्हणून नाही. जमाव आवरायला सुरक्षारक्षक असतात. ते कमी असतील तर वाढवायचे, त्यांची कसर नर्सिंगच्या रोस्टरमधून भरून काढायची नाही. रुग्णसेवा देणाऱ्यांवरचा हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. मारहाण झाली तर फिर्याद हॉस्पिटलनं द्यावी, तुम्हाला एकट्याला ठाण्यात पाठवू नये, हे आत्ताच लेखी मागून ठेवा. मागच्या सहा महिन्यांची रोस्टरं काढा, तुमच्या नाइट आणि इतरांच्या नाइट मोजा आणि आकडे घेऊन जा. भावना घेऊन गेलात तर ‘मर्दासारखा मर्द’ वगैरे ऐकून परत याल. आणि कॅज्युअल्टीत शिकायला मिळतं ते सोडू नका, फक्त वाटा समान मागा.

प्रश्न : माझी आई एका मोठ्या हॉस्पिटलात मावशी आहे, नऊ वर्षं. मधे तीन ठेकेदार बदलले, आई तीच, वॉर्ड तोच. पगारातून पीएफ कापतात असं सांगतात, पण स्लिप नाही, पैसे कुठं जातात माहीत नाही. हॉस्पिटलचा एचआर म्हणतो, ‘त्या आमच्या स्टाफ नाहीत, ठेकेदाराला विचारा.’ ठेकेदाराचा फोन लागत नाही.
– एका मावशीची मुलगी, मुंबईजवळून

उत्तर : आईच्या वॉर्डातल्या पेशंटला विचारून बघ, हॉस्पिटलात तुम्हाला कुणी बघितलं? डॉक्टरांच्या आधी मावशीचं नाव येईल. आणि ‘स्टाफ’ मोजायची वेळ आली की ती यादीतच नाही. समाधानाचे जे फॉर्म भरून घेतात, तेही तिच्यापर्यंत पोचत नाहीत. पोचले असते तर या सदराला बराच मजकूर मिळाला असता.

आता कामाचं. आईचा आधारला जोडलेला मोबाइल आणि यूएएन नंबर (पीएफ खात्याचा क्रमांक) शोध. नंबर माहीत नसेल तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर किंवा उमंग अ‍ॅपवर आधारवरून निघतो. मग पासबुक उघड आणि महिन्यामहिन्याचा भरणा बघ. यूएएन जन्मभराचा एकच असायला हवा, पण दर ठेकेदारानं नवा काढून ठेवल्याचे प्रकार पुष्कळ होतात. दोन-तीन निघाले तर घाबरू नकोस, जुने पैसे नव्या खात्यात वळवता येतात. आधारवर आईचं नाव माहेरचं आणि पीएफला सासरचं, असा घोळ असेल तर तो आधी दुरुस्त कर, नाहीतर पुढचं सगळं तिथंच अडतं.

मधले महिने कोरे दिसले, तर हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरला गेला की नाही, ही अखेरीस ज्याच्याकडे काम चालतं त्या मूळ मालकाचीही जबाबदारी असते. ठेकेदारानं पगारच बुडवला तरी तेच. अर्जात ‘मूळ मालक या नात्यानं’ हे शब्द घाल, कोरे महिने लिही, भरणा केल्याच्या चलनांच्या प्रती माग. आईच्या एकटीच्या नावानं देऊ नको. त्याच वॉर्डातल्या सगळ्या मावशी-मामांच्या सह्या घे, म्हणजे उद्यापासून तिलाच बदली दाखवणार नाहीत. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच अर्जाची प्रत ईपीएफओच्या विभागीय कार्यालयात आणि तिथल्या ऑनलाइन तक्रार खिडकीवर टाक.

आणि पगार एकवीस हजारांच्या आत असेल, तो असणारच, तर ईएसआयसीचंही (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचंही) बघ. पगारातून पाऊण टक्का कापत असतील तर तिचा विमा क्रमांक असलाच पाहिजे. त्यावर आईला स्वतःला उपचार मिळतात, आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो. गुडघेदुखीचं तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस. ईएसआयच्या दवाखान्याचं कार्ड आधी काढ, ते काम एका दिवसाचं आहे. पीएफला वेळ लागेल.